जुनी कॅम्पर पासिंगला न्यायच्या आधी इथं दाखवा (बेळगावच्या उद्यमबागचं गॅरेज)

पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली येईल.

आमची गाडी २०१२ ची टेम्पो ट्रॅव्हलर, आत बेड, ओटा, पाण्याची टाकी बसवून कॅम्पर केलेली, आरसीवर तशी नोंद आहे आणि भाड्यानं देतो म्हणून पिवळी पाटी. घरच्या वापराची पांढऱ्या पाटीची कॅम्पर असेल त्यांना पंधरा वर्षं बघायला नको, पण पिवळ्या पाटीला आठ वर्षं झाली की दरसाल एफसी (फिटनेस सर्टिफिकेट, तेच पासिंग) आणि तारीख चुकली की दिवसाला ५० रुपये जादा, म्हणजे पावसाच्या आधी हा सोहळा आमच्याकडं ठरलेलाच.

आधी एका एजंटकडं द्यायचो. "होतंय की ओ, टेन्शन घेऊ नका" म्हणायचा आणि गाडीखाली एकदा पण वाकून बघायचा नाही, गेल्या वर्षी हँडब्रेक धरत नाही म्हणून गाडी परत आली तेव्हा पैसे मात्र पूर्ण घेतले. मग एका ट्रॅक्सवाल्या मामांनी हे गॅरेज सांगितलं. थर्ड गेटकडनं (रेल्वेचं फाटक) उद्यमबागला आत गेलात की फाउंड्र्यांच्या मागच्या गल्लीत, बोर्ड बिर्ड काही नाही, बाहेर दोन-तीन ट्रॅव्हलर उभ्या दिसतील तेच. मेस्त्री साठीचे, पोरांशी कन्नडात आणि आमच्याशी मराठीत, दोन्हीकडं आवाज सारखाच चढलेला.

मला आवडलं ते हे, की माणूस आधी पाना उचलत नाही, गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतो आणि टॉर्च घेऊन खाली जातो. आमच्या सिंकचं सांडपाणी एका पाइपनं खाली सोडलंय, तो पाइप बरोबर मागच्या स्प्रिंगपाट्यांच्या शॅकलवर (पाटा चेसिसला जोडणारी कडी) ठिबकत होता. वरनं कुणाला दिसणार? मेस्त्रींनी हातोडीनं हलकं ठोकलं तर गंजाचा पापुद्रा हातभर खाली आला. त्यात आमची गाडी सारखी चोर्ला घाटातनं गोव्याला, समुद्राची हवा आणि आपला जांबोटीचा पाऊस, दोन्ही खाऊन बसलेली. शॅकल पिना आणि बुश बदलले, चेसिस मात्र शाबूत निघाली. मी म्हटलं आता खालनं काळं कोटिंग मारून टाका की. तर म्हणाले, "पासिंगच्या आधी कोटिंग मारलासा तर इन्स्पेक्टरला वाटणार काय तरी झाकलंय. आधी पास करून आणा, मग मारा काय मारायचं ते." चेसिस नंबर जुन्या कोटिंगखाली गेला होता तो डिझेलच्या फडक्यानं पुसून पुसून वर काढला, नाहीतर पेन्सिलनं छाप घेताना तिथंच अडकलो असतो.

ब्रेकचं काम एक नंबर. चाकं काढून ब्रेकचे लायनर दाखवले, मागचा एक व्हील सिलिंडर गळत होता तो बदलला, हँडब्रेकची वायर ओढून बसवली आणि गल्लीतल्या चढावर गाडी उभी करून मला आत बसवून दाखवलं. टायर चार ठीक, दोन चालतील म्हणाले (१.६ मिलिमीटर नक्षी राहिली पाहिजे, त्यांच्या मापाच्या काट्यावर त्याहून थोडी वरच निघाली), नवीन घ्या असं एकदा पण म्हणाले नाहीत. हे हल्ली कोण करतं सांगा.

एमिशनचं, म्हणजे धुराच्या तपासणीचं पण सांगतो कारण जुन्या डिझेलवाल्यांची सगळी रडारड तिथंच. आमची गाडी बीएस थ्री (धुराच्या जुन्या सरकारी नियमातली), तिला मशीनवरच्या धुराच्या आकड्याची मर्यादा २.४५, त्यानंतरच्या बीएस फोरला १.६२ आहे म्हणजे आपल्याला तशी सूट. तरी गाडी काळा धूर सोडत होती. इथं लगेच डिझेल पंप उघडायच्या गोष्टी नाहीत, आधी एअर फिल्टर बदलला, नोझल चेक करून घेतले आणि सांगितलं हायवेनं हिरेबागेवाडीपर्यंत दाबून जाऊन या, इंजिन तापलं की मगच मशीनला लावा, थंड गाडी लावू नका. पास झाली.

आतलं घर मात्र आपणच बघायचं, त्यात त्यांना रस नाही. तरी जाता जाता बोललेच, की घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत दिसता कामा नये, छतावरचे जादा एलईडी आणि पुढचा बुलबार काढून ठेवा, सीट आरसीवर आहेत तेवढ्याच पाहिजेत. रिफ्लेक्टर पट्टी पुढं पांढरी, मागं लाल, बाजूला पिवळी, ती पोरानंच लावून दिली. स्पीड गव्हर्नरचं (वेगावर मर्यादा घालणारं यंत्र) सर्टिफिकेट ज्याचं त्यानं बघावं.

आता कापलेला स्टार. दुसऱ्या बॅटरीचं वायरिंग बघायला त्यांनी शेजारच्या एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्यानं फ्यूज न लावता वायर जोडून टेप गुंडाळली आणि इन्व्हर्टर लावला की डावा इंडिकेटर बंद. ते मी नंतर दुसरीकडनं करून घेतलं. आणि उद्या म्हणजे परवा. मेस्त्री खोटं बोलत नाहीत पण तारखेच्या बाबतीत त्यांचा स्वतःचा पंचांग आहे, एफसी संपायला आठवडा राहिलाय आणि गाडी नेताय तर नका जाऊ. बिल कागदाच्या चिठोऱ्यावर मिळतं, जीएसटी बिल पाहिजे तर पार्ट्स स्वतः आणून द्या, मजुरी साडेचार हजार झाली ती कुठल्याही कंपनीच्या वर्कशॉपपेक्षा कमीच.

फोनवर रेट विचारू नका, सांगत नाहीत. पाण्याची टाकी रिकामी करून आणि गाद्या, भांडी उतरवून न्या, भरलेली गाडी खड्ड्यावर घेत नाहीत. आणि मे संपायच्या आत जा, एकदा पाऊस लागला की त्या खड्ड्यात गुडघाभर पाणी असतं आणि मग सगळं काम दसऱ्यावर.