ई-मोजणी 2.0: अर्ज झटपट, पण टिपण कोण उघडतंय?

जमीन मोजणीचा अर्ज करायला आता भूमी अभिलेख कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत, हे आधी मान्य करायला हवं. भूमी अभिलेख विभागाच्या ई-मोजणी 2.0 या ऑनलाइन प्रणालीवर खातं उघडायचं, गट नंबर टाकायचा, मोजणीचा प्रकार निवडायचा, लगतदारांची, म्हणजे शेजारच्या जमिनींच्या खातेदारांची, नावं-पत्ते द्यायचे आणि चालान ऑनलाइन भरायचं. मोजणीची तारीख आणि भूकरमापकाचं, म्हणजे मोजणी करणाऱ्या कर्मचाऱ्याचं, नाव पुढे कळतं. एवढ्या भागाला पैकीच्या पैकी गुण.

दरही सुटसुटीत झाले. पूर्वी साधी, तातडीची, अति तातडीची अशी उतरंड होती. 1 डिसेंबर 2024 पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार उरले. ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमितचे 2,000 आणि द्रुतगतीचे 8,000 रुपये. त्यापुढच्या प्रत्येक 2 हेक्टरला 1,000 आणि 4,000. म्हणजे 3 हेक्टर 40 आरच्या गटाला नियमितचे 3,000 आणि द्रुतगतीचे 12,000. चौपट पैसे मोजून तारीख लवकर मिळते, मोजणी जास्त चांगली होत नाही. यंत्र तेच, नोंदी त्याच. बांधकाम किंवा खरेदीखत अडलं नसेल तर नियमित पुरे.

अर्जात दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला, प्रकार निवडताना. बांध कुठे आहे हे हवं असेल तर ‘हद्द कायम’. भावाभावांत वाटणी करून सातबारा वेगळा करायचा असेल तर ‘पोटहिस्सा’. हद्द कायम करून घेतली आणि सातबाऱ्यात फरक पडला नाही म्हणून तक्रार करणं व्यर्थ. दुसरा घोळ लगतदारांच्या यादीचा. शेजारच्या गटांचे ताजे सातबारे काढा आणि मयत खातेदाराच्या जागी वारसांचे पत्ते द्या. लगतदाराला धाडलेली मोजणीची नोटीस ‘मयत’ शेरा घेऊन परत आली की मोजणीनंतर हमखास हरकत येते. नोटीस रीतसर बजावलेली असेल तर लगतदार गैरहजर राहिला तरी मोजणी थांबत नाही.

खरी परीक्षा शेतात. शेतात मांडून नकाशा काढायचा फलक, म्हणजे प्लेन टेबल, जाऊन उपग्रहाच्या सिग्नलवरून जागा टिपणारे रोव्हर आले, रोव्हरच्या वाचनाला दुरुस्ती पुरवणारी 77 कायमची केंद्रं (कॉर्स स्टेशनं) राज्यात उभी राहिली आणि उघड्या रानात काही सेंटिमीटरच्या अचूकतेचं वाचन काही सेकंदांत मिळू लागलं. मात्र आंब्याखाली, उंच उसात, पत्र्याच्या शेडला खेटून सिग्नल अडतो. पडद्यावर ‘फिक्स’ (पक्कं वाचन) ऐवजी ‘फ्लोट’ (कच्चं वाचन) दिसत असताना घेतलेला बिंदू अर्धा मीटरही इकडेतिकडे असू शकतो. अशा जागी उपग्रहाशिवाय कोन आणि अंतर मोजणारं टोटल स्टेशन लावायला हवं. अर्जदाराने पडद्यावरचा तो एक शब्द बघितला तरी पुष्कळ. ऊस उभा असेल तर तोडणीनंतरचीच तारीख मागावी.

आता मुद्द्याचं. रोव्हर आपण उभे आहोत त्या जागेचे अक्षांश-रेखांश देतो. तीच जागा हद्दीची आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. ते ठरतं मूळ टिपणावरून (पहिल्या मोजणीची मापं लिहिलेला कच्चा नकाशा), गुणाकार बुकावरून (क्षेत्राच्या हिशेबाची वही), एकत्रीकरण योजनेच्या (तुकडे जोडून गट केले तेव्हाच्या) आणि फाळणीच्या (पोटहिस्से पाडले तेव्हाच्या) नकाशांवरून. जुनी मापं 33 फुटी साखळीची, साखळीचे 16 आणे. एक आणा म्हणजे जवळपास 63 सेंटिमीटर. मूळ नोंद आण्यात आहे, तेव्हा यंत्राच्या 3 सेंटिमीटरवरून बांधावर भांडणं हास्यास्पद. पण 150 मीटर लांबीचा बांध एक आणा सरकला तर 94 चौरस मीटर, म्हणजे जवळपास गुंठा जातो. तिथे मात्र गप्प बसू नये.

म्हणून चांगला भूकरमापक आधी जुन्या खुणा शोधतो: तीन गट मिळतात तिथला दगड, गावशिवेचा बुरूज, न हललेली विहीर. अशा निदान तीन-चार खुणांमधली अंतरं टिपणाशी जुळली की मगच तो हद्द काढतो. घाईतला भूकरमापक स्कॅन केलेला गटनकाशा पडद्यावर चढवतो आणि निघतो. मूळ कागद वर्षानुवर्षं आकसलेला, ताणलेला असतो. त्याची चूक थेट शेतात उतरते. ‘टिपण कुठलं धरलंत?’ हे जागेवरच विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते जबाबात लिहून द्या.

मजूर, चुना, खुंट्या आणि प्रत्येक वळणाला एक याप्रमाणे दगड ही अर्जदाराची तयारी. खुणा दाखवल्या त्याच दिवशी दगड गाडावेत. चुना पहिल्या पावसात जातो. पंचनाम्यावर कोऱ्या जागी सही करू नये. हरकत असेल तर सही करताना तसं लिहावं.

भूकरमापकाकडून भलत्या अपेक्षाही नकोत. तो मालकी ठरवत नाही, अतिक्रमण उठवत नाही, ताबाही देत नाही. अभिलेखाप्रमाणे हद्द आणि जागेवरची वहिवाट, दोन्ही नकाशावर दाखवणं हे त्याचं काम. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आली की खुणांची सूची वाचून कुठली रेषा हद्दीची आणि कुठली वहिवाटीची ते आधी समजून घ्या. नव्या प्रतीवर अक्षांश-रेखांशही असतात. ही फार मोलाची सुधारणा, कारण उद्या दगड उखडला तरी तोच बिंदू पुन्हा शोधता येतो. जुन्या ‘क’ प्रतीत ही सोय नव्हती.

मोजणी पटली नाही तर आधी उप अधीक्षकांकडे निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, तीही पटली नाही तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. अर्जात नुसतं ‘मोजणी चुकीची’ लिहून भागत नाही. कुठला बिंदू, टिपणातलं अंतर किती, दाखवलेलं किती, हे मांडावं लागतं. त्यासाठी मूळ टिपणाची नक्कल मोजणीच्या आधीच काढून ठेवलेली बरी, कारण नक्कल मिळवायला मोजणीपेक्षा जास्त दिवस लागल्याची उदाहरणं कमी नाहीत.