एटीव्हीसाठी येणारं हँडल कव्हर स्प्लेंडरला लावलं, परभणीच्या थंडीत कसं चाललं ते सांगतो

मराठवाडा म्हणलं की बाहेरच्या लोकाला नुस्तं ऊन अन् टँकर दिसतात, पण डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की कृषी विद्यापीठाचा परभणीचा आकडा पेपरात बगा, दहाच्या खाली जातोच. त्यात आपलं काम असं की पहाटेच मेथी-कोथिंबिरीचे गठ्ठे गाडीला बांधून जिंतूरकडून परभणीच्या लिलावाला पोचायचं, उशीर झाला की भाव पडला, म्हणून ऊन यायची वाट बघत बसता येत नाही. असे दूधवाले, पेपरवाले, रात्रपाळीचे, रात्रीची लाईट आली की गव्हाला पाणी द्यायला शेतात जाणारे, लई जण आहेत, त्यांच्यासाठीच हे लिहायलोय.

थंडीत गाडीवर पहिलं काय जातं तर बोटं. बोरी येईस्तोवर ती बधिर होतात, क्लच दाबला का नाही हेच कळत नाही, अन् धुक्यात समोर बिगर रिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली आली तर त्याच बधिर बोटांनी ब्रेक दाबायचाय. त्यामुळं हा काही चैनीचा विषय नाही, जिवाचा आहे.

तर हे कव्हर. ऑनलाईन घेतलं, चारशेच्या थोडं वर पडलं, लिहिलेलं होतं एटीव्ही अन् बाईक दोन्हीला चालेल. एटीव्ही म्हणजे ती चार जाड चाकांची गाडी, बर्फाच्या देशात लोक शेतात, जंगलात तिच्यावरच फिरतात, अन् अशी कव्हरं तिकडं थंडीत सर्रास लावतात. तिच्यात अ‍ॅक्सिलरेटर मुठीनं पिळायचा नसतो, अंगठ्यानं दाबायचा असतो, त्यामुळं अंगठा कायम उघडा पडून गार होतो, तर तेवढा अंगठा गरम ठेवायला वेगळं हीटर किटसुद्धा मिळतं तिकडं. आपल्याला तेवढं लागत नाही. पण त्या लोकांनी जे ओळखलंय ते आपल्याला शंभर टक्के लागू आहे, ते म्हणजे हाताला काय घातलं त्यापेक्षा हातावर येणारं वारं अडवलं का नाही हे महत्त्वाचं.

याचा हिशोबच आहे. अमेरिका-कॅनडात 2001 पासून वाऱ्यातल्या थंडीचं एक सूत्र वापरतात, त्यात 10 अंश तापमान अन् 50 चा स्पीड घालून बगा, उघड्या कातड्याला साडेपाच अंशाच्या आसपास लागतं. पारा तेवढाच असतो, पण हाताभोवती जी गरम हवा धरलेली असते ती वारं सारखी उडवून नेतं. म्हणून लोकरीचे हातमोजे, ते तिबेटी स्वेटरवाल्यांकडचे चांगले जाडजूड घेतले तरी गाडीवर उपयोग कमी, विणीतून वारं आरपार जातं. उभं राहिलं तर उबदार, गाडी चालली की गार. एकावर एक दोन जोड घालणारेही बघितलेत, ते तर अजून वाईट, घट्ट झालं की रक्त फिरत नाही अन् बोटं लवकर बधिर होतात, वरून लिव्हरचा अंदाज जातो तो वेगळाच.

कव्हर बाहेरून जाड रेग्झिनसारखं आहे अन् आत फर. वारं बाहेरच अडतं. आत मी साधे पातळ सुती मोजे घालतो, कधी तेही नाही, तरी झरी ओलांडून परभणीच्या हद्दीत शिरलो तरी बोटं वळतात, हॉर्न-डिपरचं बटन चाचपडावं लागत नाही. नदीच्या पुलावर, खोलगट जागेत गार हवा साचलेली असते तिथं एकदम चटका बसतो, तिथंसुद्धा हात टिकतो. या एका गोष्टीसाठी मी याला पैकीच्या पैकी देईन.

आता बसवायचं. कंपनीनं कागद दिलाय पण त्यात नुस्तं चित्र, तेही एटीव्हीच्या हँडलचं. आपल्या गाडीला आरशाचा दांडा मधी येतो, तिथं कव्हरची चेन थोडी उघडी ठेवावी लागते अन् तेवढ्यातून वारं शिरतं, मी तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, झालं काम. खरी काळजी घ्यायची ती दोन ठिकाणी. एक म्हणजे उजवीकडं अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडून बगा, मूठ आपोआप फटकन मागं आली पाहिजे. कव्हर ताणून बांधलं तर कापड मुठीला घासतं अन् रेस परत यायला वेळ लागतो, हे लई धोक्याचं. दुसरं, ब्रेकच्या लिव्हरवर कव्हरचं वजन पडू देऊ नका. चालत्या गाडीत वाऱ्यानं कव्हर मागं दाबलं जातं अन् लिव्हर हलकासा दाबून राहतो, मग मागचा लाल दिवा पेटलेलाच राहतो, मागच्याला कळतच नाही तुम्ही खरा ब्रेक कधी मारला. घरी कोणालातरी मागं उभं करून हे तपासा, नाड्या सैल-घट्ट करत हँडल पूर्ण डावीकडं-उजवीकडं वळवून बगा, मगच रोडला काढा.

हात आत-बाहेर करायचा सराव पण पाहिजे. कव्हरचं तोंड ताठ असलं तर हात सरळ आत जातो, लिबलिबीत असलं तर प्रत्येक वेळी तोंड शोधावं लागतं. माझ्यातलं तोंड पहिल्यांदा ताठ होतं, आता मऊ पडायलंय, हे काही बरोबर नाही, एका सीझनमधी असं व्हायला नको होतं. एक स्टार मी याच्यासाठीच कापतोय. अजून एक, धुकं अन् दव पडलं की बाहेरून पाणी आत झिरपत नाही पण कडेची फर ओली होते, घरी आल्यावर उलटी करून उन्हात टाकावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी ओल्या फरमधी हात घालायचा म्हणजे मोजेच बरे म्हणायची पाळी.

लोक विचारतात मग हीटरवाल्या मुठी का नाही घेत. चांगल्या असतात, पण एका जोडीला 30-40 वॅट लागतात, म्हणजे जुन्या स्प्लेंडरच्या 35 वॅटच्या हेडलाईटएवढी एक लाईट अजून जोडल्यासारखं झालं. लहान गाडीची चार्जिंग तेवढीच असते, हळू चालवलं, गावात थांबत गेलं की बॅटरी उतरते. मोठी गाडी असंल तर घ्या. अन् मुठी तळहात गरम करतात, बोटांच्या मागच्या बाजूला वारं लागायचं ते लागतंच, म्हणजे कव्हर तरीही पाहिजेच.

आता नुस्तं कव्हर लावून मोकळे होऊ नका, कारण छाती अन् गळा गार पडला की शरीर हातापायाचं रक्त आत ओढून घेतं, मग कव्हरमधी पण बोटं गार पडतात. इथंही वारं अडवायचंच सूत्र. पावसाळ्यातला रेनकोट माळ्यावर टाकू नका, स्वेटरच्या वरून घाला, आतल्या स्वेटरची ऊब दुप्पट वाटते. पॅन्टसुद्धा, गुडघ्यांना लई फरक पडतो. रेनकोट नसंल तर स्वेटरच्या आत छातीवर पेपरच्या घड्या ठेवा, आपले जुने लोक करायचेच, आजही तेवढंच चालतं. गळ्याला उपरणं गुंडाळा पण टोकं आत खोचा, वाऱ्यावर सोडू नका. आतला कपडा मात्र घामाचा ओला नको, गठ्ठे उचलून घाम आला असंल तर बनियन बदलूनच गाडीवर बसा, सुती कापड ओलं झालं की अंगातली गरमी ओढतं. हेल्मेटची काच श्वासानं धुरकट होते, ती बोटभर उघडी ठेवली की साफ राहते.

अन् रस्त्यात शेकोटी दिसली की बधिर झालेले हात डायरेक्ट जाळावर धरू नका, बधिर कातड्याला भाजलेलं कळत नाही. पहिले काखेत दाबून धरा, बोटांत मुंग्या आल्या की मग शेका.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. घेताना दुकानात मिळालं तर दुकानातच घ्या, स्वतःच्या गाडीला लावून, रेस पिळून, लिव्हर दाबून बगा, तोंडाच्या कडेला आत तार किंवा प्लास्टिकची पट्टी असलेलं मिळालं तर शंभर रुपये जास्त द्या.