राजीनामा तोंडी मंजूर, वसुली मात्र लेखी

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात कामाला असलेल्या आणि चाकणला ऑफर लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. एचआर "एका महिन्यात सोडतो, टेन्शन घेऊ नको" म्हणत असेल, तर ते मेलवर आल्याशिवाय धरूच नका.

मी वाळूजच्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला होतो. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. अपॉइंटमेंट लेटरवर नोटीस पिरियड एक महिना होता. पुढं एका इन्क्रिमेंटच्या पत्रात, मागच्या पानावर, "इतर अटी पूर्वीप्रमाणे" या ओळीच्या खाली तो ९० दिवस करून ठेवला. ते पत्र शिफ्ट सुटताना, बाहेर बस लागलेली असताना वाटलं आणि तिथंच सह्या घेतल्या. वाढ होती १२०० रुपये.

चाकणचं नक्की झाल्यावर राजीनामा मेल केला. प्लांट हेड म्हणाले, "अरे, तू तर घरचा माणूस. महिनाभर थांब, नवीन पोराला शिकव, मोकळं करतो." तेवढं मेलवर द्या म्हणालो, तर एचआरच्या मॅडम म्हणतात, "देऊ की, आम्ही काय पळून चाललो का?" नवीन पोरगं आलं, त्याला गेज, इन्स्पेक्शन शीट, कस्टमरच्या तक्रारींच्या फायली, सगळं समजावून दिलं. नो ड्यूजवर, म्हणजे माझ्याकडं कुणाचं काही बाकी नाही या कागदावर, स्टोअर, टूलरूम, कँटीन, सगळ्यांच्या सह्या झाल्या. शेवटच्या दिवशी शाल, नारळ, पेढे. ग्रुपवर फोटोसुद्धा त्यांनीच टाकले. रिलीव्हिंग लेटर म्हणे सोमवारी येईल.

आलं ते रजिस्टर पत्र, आणि तेही परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी. 'विनापरवानगी गैरहजर, दोन महिन्यांचा पगार भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई.' अण्णांनी पोस्टमनकडून घेतलं आणि पारावर एकाकडून वाचून घेतलं. लगेच फोन, "काय रे, तिथं काही चोरीबिरी केली का?" माझा बजाजनगरचा पत्ता कंपनीकडं होताच. गावचा पत्ता मुद्दाम निवडतात. घरचे घाबरले की पोरगं पैसे भरतं. आमच्याच डिपार्टमेंटच्या एकानं अशाच पत्रावर सोयाबीनचे पैसे भरलेत. त्यामुळं हे चुकून झालं असं मला कुणी सांगू नये. माझा शेवटचा पगारही अडकवला.

कामाला आले ते एवढेच पुरावे: राजीनाम्याची कॉपी स्वतःच्या जीमेलवर होती, कारण कंपनीचा मेल त्याच संध्याकाळी बंद झाला. प्लांट हेडचा व्हॉट्सॲप मेसेज, "शनिवारी लास्ट डे, हँडओव्हर पूर्ण कर." नो ड्यूजचा मोबाइलवर काढलेला फोटो, कारण मूळ कागद एचआर ठेवून घेतं. आणि सेंडऑफचे फोटो. फरार माणसाला शाल कोण घालतं, म्हणून वकीलसाहेब हसायलाच लागले.

त्यांनी सांगितलं ते असं. नोटीस पूर्ण न करता गेलेल्याकडून कंपनी भरपाई मागू शकते, पण करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार ती वाजवीच मिळते, लेटरमध्ये छापलेला आकडा आपोआप मिळत नाही. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, आणि तिच्यात राजीनामा दिलेल्याचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला सांगितलाय. "फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) पंचेचाळीस दिवसांनी" हा कंपन्यांचा रिवाज झाला. पीएफ त्यांना अडवता येत नाही. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, ईपीएफओच्या साइटवर आधार ओटीपीनं आपणच टाकू शकतो.

कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज दिला आणि रिलीव्हिंग लेटर मेलवर हजर, त्यात तारीखही शनिवारचीच. पगाराचं मात्र घोंगडं भिजत आहे. मध्ये बोलावून घेतलं, निम्मा देतो म्हणाले, आणि एक छापील कागद पुढं केला: 'माझं कंपनीकडं काहीही येणं बाकी नाही.' रकमेची जागा कोरी. असा कागद पुढं आला तर पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय सही करू नका. मी केली नाही, पुढची तारीख लागलीय.