ग्रामोफोन रेकॉर्ड डिजिटल करताना: संगणकातलं साउंड कार्ड की बाहेरचा यूएसबी इंटरफेस?

आधी एक गोष्ट दोन्हीकडे लागू: मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला, तिच्या कंपनांची वीज करणारा नेहमीचा भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो आणि रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला, वरचे सूर उचललेले असतात. सिग्नल वाढवायला आणि हे उलट फिरवायला फोनो प्रीअँप, म्हणजे रेकॉर्डसाठीचा खास अँप्लिफायर, हवाच. तो नसेल तर महागडा इंटरफेसही चिरका, पोकळ आवाजच टिपणार.

डेस्कटॉपला लाइन-इन (बाहेरच्या उपकरणाचा आवाज आत घेणारं स्टिरिओ सॉकेट) असेल तर साउंड कार्ड फुकटात काम करतं, आणि वाटतं तितकं वाईट नसतं. अडचण दोन ठिकाणी. पेटीच्या आतला विजेचा गोंगाट बारीक किरकिर होऊन ध्वनिमुद्रणात उतरतो. गाणं चालू असताना तो लपतो, दोन गाण्यांमधल्या शांततेत उघडा पडतो. आणि बहुतेक लॅपटॉपना लाइन-इनच नसतं. असतं ते माइकचं सॉकेट, बहुधा मोनो. त्यात रेकॉर्ड जोडूच नका.

बाहेरच्या इंटरफेसमध्ये अॅनलॉगचं डिजिटल करणारी चिप त्या गोंगाटापासून दूर असते, शिवाय पातळी ठरवायला हाताशी बटण. २४ बिटच्या ध्वनिमुद्रणाचा खरा फायदा इथेच: आवाजाचं शिखर कमाल पातळीच्या ६ डेसिबल खाली (-६) ठेवून निर्धास्त राहता येतं. रेकॉर्डची स्वतःची डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजातलं अंतर, साधारण ६०-७० डेसिबल, म्हणजे साठवायला १६ बिटही पुरतात. १९२ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचा (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे, त्याचा) हव्यास मात्र डिस्क भरण्यापलीकडे फारसं काही देत नाही.

पाच-दहा रेकॉर्ड असतील तर आहे त्या लाइन-इनवर भागवा. कपाट भरलेलं असेल तर इंटरफेसच घ्या. पण सुई झिजलेली असेल, तर आधी ती बदला.