फौजेने काम करून परत यावं की तिथेच राहून देश घडवावा? माझं पारडं कुठे झुकलं ते सांगतो

आमच्या मंडळाच्या पुढच्या चर्चेला हा विषय ठेवलाय आणि कुठल्या बाजूने बोलावं असं काही जणांनी विचारलं, म्हणून लिहितोय. बाहेरच्या फौजेने दुसऱ्या देशात टिकाऊ बदल होतो का, असा सरळ हो-नाहीचा प्रश्न घेतला तर वाद पुढेच सरकत नाही, दोन्हीकडे उदाहरणं भरपूर. मला वाटतं खरी निवड दोन पद्धतींमधली आहे. एक, ठरलेलं काम करायचं आणि निघायचं, १९७१ ला आपण बांगलादेशात केलं तसं. दुसरी, मुक्काम ठोकून सरकार, सैन्य, घटना सगळं उभं करून द्यायचं, अमेरिकेने अफगाणिस्तानात केलं तसं. कोण कधी कुठे घुसलं हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडतो.

१९७१ चं बघा. आपली फौज ढाक्याला पोचायच्या आधीच तिथल्या लोकांचं ठरलेलं होतं. १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या (म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या) १६९ पैकी १६७ जागा शेख मुजीब यांच्या अवामी लीगला, एप्रिल १९७१ मध्ये मुजीबनगरला त्यांच्या सरकारचा शपथविधी, मुक्तिवाहिनीची, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांची, पोरं आधीपासून लढतायत, म्हणजे पुढारी त्यांचे, मरणारे त्यांचे, आपण शेवटचा जोर लावला. १६ डिसेंबरला शरणागती आणि मार्च १९७२ मध्ये आपली फौज परतसुद्धा आली. पुढे सगळं छान झालं असं मी म्हणत नाही, १९७५ ला मुजीबना घरात घुसून मारलं, लष्करशहा आले, २०२४ ला त्यांच्या मुलीला, पंतप्रधान हसीनांना, देश सोडावा लागला. पण देश टिकला ना. ढाक्यात सरकार कोणाचंही येवो, कारभार पुन्हा कधी पाकिस्तानातून चालला नाही.

दुसऱ्या पद्धतीला कमी लेखू नका हं. काबूलमध्ये वीस वर्षं मुली शाळेत गेल्या, कॉलेजात गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि आज त्यांच्या धाकट्या बहिणींना सहावीनंतर घरी बसवलंय हे वाचलं की अजून जीव तुटतो. आपणही फौज न पाठवता तिथे झरंज-दिलाराम रस्ता केला, हेरातजवळ सलमा धरण केलं, संसदेची इमारत बांधून दिली. ज्यांना या बाजूने बोलायचंय त्यांनी त्या मुलींपासून सुरुवात करावी, ऐकणारा हलतोच.

तरी माझं मत फिरलं ते एकाच गोष्टीवर, पगारावर.

अफगाण सैन्य आणि पोलीस मिळून कागदावर तीन लाखांच्या आसपास होते. त्यातले कितीतरी नुसते नावापुरते, नाव यादीत, पगार निघतोय, माणूस चौकीवर नाहीच, पैसा वरच्यावर खाल्ला जातोय. अमेरिकेच्याच तपासनीसांनी हे वर्षानुवर्षं लिहून ठेवलंय. सरकारी खर्चाचा जवळजवळ पाऊण हिस्सा परदेशी मदतीतून यायचा. मी हिशेब तपासायचं काम आयुष्यभर केलंय, इकडे निमाडात एका बाहेरून पैसा येणाऱ्या प्रकल्पाचे मस्टर, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, माझ्याकडे यायचे. महिनाभराची हजेरी एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली, अंगठे सगळे सारख्याच दाबाचे, आणि गावात जाऊन विचारलं तर यादीतला माणूस दोन वर्षांपासून गुजरातला मजुरीला. गावातलं कोणी तक्रारही करत नव्हतं, कारण पैसा त्यांचा नव्हताच, मग विचारणार कोण आणि कोणाला. प्रकल्प संपला त्या महिन्यात ऑफिसला कुलूप लागलं. हे काही मोजमाप नाही, एका तालुक्याचा अनुभव आहे, पण १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल न लढता तालिबानच्या हाती पडलं आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून निघून गेले तेव्हा मला पहिले ते मस्टर आठवले. जे सरकार आपल्या लोकांकडून कर घेऊन चालत नाही त्याच्यासाठी लोक जीव का देतील?

इथे कोणीतरी जपान काढणारच. काढा, पण पूर्ण काढा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर तिथे होते, घटना १९४७ ला लागू झाली, सगळं खरं. पण कारभार जपानी कारकुनांनीच चालवला, मंत्रालयं, करवसुली सगळं चालू होतं, इतकंच काय अमेरिकन फौजेच्या मुक्कामाचा बराचसा खर्चसुद्धा जपान सरकारच्याच बजेटमधून जायचा. उलट इराकमध्ये मे २००३ ला अमेरिकेने नेमलेले प्रशासक ब्रेमर यांनी एका आदेशाने अख्खं सैन्य बरखास्त केलं, हत्यार चालवता येणारी लाखो माणसं एका दिवसात बेरोजगार, त्यातली बरीच पुढे बंडखोरांना जाऊन मिळाली.

आणि श्रीलंकेतलं आपलं जाफना विसरू नका, तिथे आपली शांतिसेना गेली होती. महूला माझ्या ओळखीचे एक रिटायर्ड सुभेदार मेजर आहेत, १९८७ ला गेले होते. ते सांगतात, पहिल्या आठवड्यात लोकांनी ट्रकला हार घातले, ऑक्टोबरपर्यंत त्याच गल्ल्यांमधून गोळ्या यायला लागल्या. शेवटी शेवटी आपण तमिळ पोरांचं एक सैन्य उभं करून दिलं, त्यातली बरीच जबरदस्तीने उचलून आणलेली. "साहेब, त्या पोरांना बूट नवीन दिले होते, पण ती आमच्याकडे बघायची, गावाकडे नाही." १९९० च्या मार्चमध्ये आपण निघालो आणि तोवर ते सैन्य विरघळलेलंच होतं. आपले बाराशेच्या आसपास जवान गेले त्यात.

इंदूरवाल्यांना तर लांब जायचीही गरज नाही. महिदपूरला होळकर इंग्रजांकडून हरले, त्यानंतर १८१८ ला मंदसौरचा तह झाला, कंपनीची फौज महूला बसली, शहरात रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याची कचेरी, आली, आणि चाळीस वर्षांच्या मुक्कामानंतरही १ जुलै १८५७ ला त्याच रेसिडेन्सीवर तोफा चालल्याच, तिथले इंग्रज अधिकारी ड्युरांड साहेब सीहोरकडे पळाले.

पहिल्या पद्धतीलाही धोका आहे, लिबियात २०११ ला नाटोचे देश वरून बॉम्ब टाकून निघून गेले आणि मागे सांभाळायला कोणी नव्हतं. म्हणून मी नुसतं "लवकर परत या" असं म्हणणार नाही. जायच्या आधी तिथे लोकांनी मानलेलं स्वतःचं नेतृत्व आहे का आणि फौज निघाल्यावर पगार कोण देणार, ही दोन उत्तरं हातात असतील तर जा, काम करा, या. नसतील तर मुक्काम वाढवून ती मिळत नाहीत असं माझं मत झालंय, तुमचं वेगळं असू शकतं. मी स्वतः चर्चेत १९७१ च्या बाजूने बोलणार आहे, काबूलच्या मुलींची बाजू कोणीतरी नीट तयारी करून मांडा.