जोडीदार गेल्यावर ससा खात नाही: वाट पाहावी, भरवावं की दवाखाना गाठावा?

जोडीतला एक ससा गेला की दुसरा बहुतेक वेळा कोपरा धरतो. गवताकडे बघत नाही, नेहमीची कोथिंबीर हुंगून सोडून देतो. घरातली मोठी माणसं म्हणतात, दुःख झालंय, दोन दिवसांनी आपोआप खाईल. कुत्र्याच्या बाबतीत हे एक वेळ चालून जातं. सशाला दोन दिवसांची सवलत नसते. त्याचं आतडं सतत भरलेलं आणि सतत हलतं राहावं लागतं. चारा थांबला की हालचाल मंदावते, आतलं सारण कोरडं पडतं, वायू धरतो आणि पोट दुखू लागतं. दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. ससा उलटीही करू शकत नाही. लठ्ठ ससा दिवस-दीड दिवस उपाशी राहिला तर यकृतात चरबी साचून प्रकरण जिवावर येतं.

म्हणून तो किती उदास दिसतो यावर निर्णय घेऊ नका. शेवटचं कधी खाल्लं आणि लेंड्या किती पडतात, यावर घ्या. ट्रे रिकामा करून स्वच्छ करा आणि वेळ लिहून ठेवा, म्हणजे त्यानंतरच्या लेंड्या नेमक्या कळतील. निरोगी सशाच्या लेंड्या दिवसाला शेकड्यांनी पडतात, साधारण हरभऱ्याएवढ्या, गोल आणि चुरल्यावर आत गवताचे तंतू दिसतील अशा. त्या बारीक, काळ्या, वेड्यावाकड्या होऊ लागल्या की आतड्याचा वेग कमी झालाय असं समजा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करा, कारण उतरलेली तब्येत केसांमुळे डोळ्यांना दिसत नाही.

आणखी एक शक्यता दुःखाच्या आड लपते. गेलेल्याला जे झालं तेच उरलेल्यालाही होत असू शकतं. दोघांनी एकच बुरशी धरलेलं गवत खाल्लं असेल, एकच फवारलेला पाला खाल्ला असेल, किंवा एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या गॅलरीत दोघंही तापले असतील. पारा तिशीपुढे गेला की सशाला त्रास सुरू होतो, आणि नाशिकचा उन्हाळा चाळिशीजवळ जातो. पहिला ससा अचानक आणि कारण न कळता गेला असेल तर दुसऱ्याच्या बाबतीत ‘वाट पाहू’ हा पर्याय सरळ बाद करा.

पर्याय पहिला: आमिष दाखवून वाट पाहणं

हा पर्याय फक्त अशा सशासाठी, जो कमी का होईना पण खातोय, लेंड्या टाकतोय आणि हाक मारली की कान वळवतोय. याची मुदत शेवटच्या नीट खाण्यापासून आठ-दहा तास, त्यापुढे नाही. रात्री अकराला तुम्ही झोपलात आणि सकाळी सातला उठलात तर मुदत झोपेतच संपते. त्यामुळे झोपण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर ट्रे बघा.

उग्र वासाचा पाला आधी: कोथिंबीर, पुदिना, शेपू, तुळशीची चार पानं. पानं बोटांनी चुरगाळून वास उठवा, पाण्यात बुडवून ओलीच द्या म्हणजे पोटात पाणीही जातं. मुळ्याचा आणि गाजराचा पाला चांगला. मेथी थोडी. रोज पालक नको. कांद्याची पात अजिबात नको, ती सशाला विषारी आहे. कोबी-फ्लॉवरने वायू धरतो, आणि बटाटा-टोमॅटोचा पाला विषारी.

नाशिकात पाल्याची ददात नाही. पंचवटीतल्या बाजार समितीत किंवा गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात हव्या तेवढ्या जुड्या मिळतात. प्रश्न फवारणीचा आहे. जुडी सोडवून दोन-तीन पाण्यांतून धुवा. द्राक्षबागेतली पानं ओळखीच्या शेतकऱ्याने प्रेमाने आणून दिली तरी देऊ नका. छाटणीपासून काढणीपर्यंत बागेवर फवारण्या चालूच असतात. त्यापेक्षा दूर्वा उत्तम. हरळी सशाला मानवते, आणि पाला नाकारणारा ससाही ताजी हरळी चावून बघतो. मात्र जिथे कुत्री फिरतात किंवा तणनाशक मारलंय त्या मैदानावरची नको.

जागा बदलू नका, पिंजरा हलवू नका. दोघं जिथे शेजारी बसून खायचे तिथेच चारा ठेवा आणि तुम्ही जमिनीवर बसा. ससा कळपात खाणारा प्राणी आहे, शेजारी कुणी असलं की त्याचं तोंड हलतं. बाटलीऐवजी जड वाडग्यात पाणी द्या. मऊ खेळणं शेजारी ठेवायला हरकत नाही, पण त्याची लव कुरतडू लागला तर लगेच काढा.

एक फसवी स्थिती ओळखायला हवी: पाला खातो, गवत खात नाही. घरचे खूश होतात. असं एक दिवस चालेल. पण लांब तंतू पोटात गेले नाहीत तर आतडं पुन्हा मंदावतं, दातही झिजत नाहीत. दुसऱ्या दिवशीही गवताला तोंड लावलं नाही तर दाढा तपासून घ्या.

पर्याय दुसरा: सिरिंजने भरवणं

जवळजवळ काहीच खात नाही, पण पोट मऊ आहे, कान कोमट आहेत, थोड्या लेंड्या येतायत, असा ससा या पर्यायात बसतो. आधी डॉक्टरांनी एकदा पोट चाचपलेलं असेल तर फारच बरं. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं असेल तर एक थेंबही भरवू नका. पुढे अडथळा असेल तर वरून ढकललेलं अन्न जठर आणखी ताणतं.

काय भरवायचं याची तुलना अशी:

| काय | फायदा | अडचण |
|---|---|---|
| ऑक्सबो क्रिटिकल केअरसारखी तयार पूड | तंतू पुरेसे, प्रमाण ठरलेलं: १ भाग पूड, २ भाग कोमट पाणी | महाग, ऐन वेळी दुकानात नसते |
| त्याच्या रोजच्या पेलेटचं (सशाच्या तयार खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) पातळ पीठ | घरात आहे, चव ओळखीची | तंतू बारीक होतात, सिरिंज तुंबते |
| शिजवलेला लाल भोपळा, गाळून | चव लागते, पाणी जातं | एकट्याने पोषण होत नाही, मिसळण्यापुरताच |
| बाळांचं धान्याचं खाद्य, केळं, गूळपाणी | पटकन चाटतो | पिष्ट आणि साखर आतड्यात आंबते, वायू वाढतो. नकोच |

ससा पाळणाऱ्याने तयार पुडीचं एक पाकीट आधीच घरात ठेवावं. मागवून ते दारात येईपर्यंत दोन दिवस जातात, आणि सशाकडे नेमके तेच दोन दिवस नसतात. ते नसेल तर पेलेट. रंगीत दाणे आणि बिया मिसळलेलं खाद्य मात्र यासाठी वापरू नका.

पेलेटचं पीठ असं करा. चार मोठे चमचे पेलेट मिक्सरमध्ये कोरडेच दळा आणि चहाच्या गाळणीतून चाळा. त्यात आठ चमचे कोमट पाणी घालून पंधरा मिनिटं ठेवा. ते फुगून घट्ट होतं, मग पातळ ताकाइतकं होईपर्यंत पाणी वाढवा. आधी सिरिंजमधून वाटीत सोडून बघा. तोंडात असताना तुंबली आणि जोर लावला की सगळं एकदम घशात जातं आणि तिथून श्वासनलिकेत. १० मिलीची रुंद तोंडाची सिरिंज घ्या. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांनी टाकून द्या. देताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा.

प्रमाण दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली. म्हणजे दोन किलोच्या सशाला १०० मिली, पाच वेळांत वाटून. पहिल्या दोन वेळा पाच-दहा मिलीच द्या. मग लेंड्या बघून वाढवा.

ससा टॉवेलमध्ये गुंडाळून चारी पायांवर, मांडीवर किंवा टेबलावर बसवा. उताणा कधीच नाही. पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथून, बाजूने सिरिंज आत घाला आणि अर्धा ते एक मिली सोडून थांबा. चावला, गिळला, मग पुढचं. पंधरा-वीस मिनिटं लागतातच. नाकातून बाहेर आलं किंवा खोकला आला तर तिथेच थांबवा. शेवटी हनुवटी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर केस चिकटून कातडी सोलते. दर वेळी आधी ताजं गवत पुढे ठेवा, मगच सिरिंज. त्याचं तो खाऊ लागला की भरवणं एकदम बंद करू नका, दोन-तीन दिवसांत उतरवा.

पर्याय तिसरा: दवाखाना

बारा तास खाणं नाही किंवा लेंडी नाही, तर घरगुती उपाय संपले. पोट ताणलेलं, दात करकर वाजवणं, पाठ कुबड करून अर्धे डोळे मिटून बसणं, कान गार पडणं, आडवं पडणं, यातलं एकही दिसलं तर बारा तासही थांबू नका. सशाचं अंग साधारण ३८.५ ते ४० अंश असतं, त्याखाली घसरणं वाईट. निफाड पट्ट्यातल्या जानेवारीच्या रात्री तर आधी ऊब द्या: गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एका बाजूला, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल.

जवळचा डॉक्टर की सशाचा जाणकार? नाशिकच्या दवाखान्यांत बहुतांशी कुत्री-मांजरं, नाहीतर गुरं. मुंबई १६५-१७० किलोमीटर, कसारा घाट धरून चार तास सहज. पुणे दोनशेच्या पुढे. वायू धरलेल्या, गार पडलेल्या सशाला हा प्रवास सोसत नाही. पहिले तास जवळचाच दवाखाना बरा: कातडीखालून सलाईन, वेदनाशामक आणि ऊब एवढं तिथे झालं तरी बाजी बरीचशी हाती राहते. दातांची शस्त्रक्रिया किंवा न उलगडणारं दुखणं असेल, तर स्थिर झाल्यावर मोठ्या शहरात न्या.

निघण्यापूर्वी फोनवर विचारा: ससे बघता का, एक्स-रे आहे का, सलाईन देता का. आणि हे सांगाच की सशाला पोटातून पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन चालत नाही. त्याने आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि ससा दगावतो. घरातली माणसांची वेदनाशामकं देऊ नका. हिंग-ओव्याचं पाणीही नको. सिमेथिकोनचे (वायूवरच्या औषधाचे) थेंब अपाय करत नाहीत, पण त्यांच्या भरवशावर रात्र काढणं चूक. नेताना उपाशी ठेवू नका. खोक्यात त्याचंच अंथरूण आणि मूठभर गवत, आणि उन्हाळ्यात फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली.

घर धुवावं की वास राहू द्यावा

आपल्याकडे मृत्यूनंतर घर धुऊन काढायची सवय. फिनाईलने पिंजरा धुतला की जोडीदाराचा वास एका तासात नाहीसा होतो, आणि उरलेला ससा त्याच जागेवर परका होतो. जाण्याचं कारण संसर्ग नसेल तर गेलेल्याचं अंथरूण आठ-दहा दिवस तसंच राहू द्या. मृतदेहही शक्य असेल तर तासभर त्याच्याजवळ ठेवा. हुंगतो, चाटतो, कधी अंगावरून उडी मारतो आणि मग बाजूला होतो. शोधत फिरणं त्याने बरेचदा कमी होतं. संसर्गाची शंका असेल तर मात्र दोन्ही टाळा आणि सगळं निर्जंतुक करा.

नवा जोडीदार: लगेच, नंतर की नाही

लगेच आणू नका. अनोळखी ससा हा ताण असतो, आणि ताणाने खाणं थांबतं. आधी उरलेला ससा स्वतःहून गवत खात असावा आणि वजन दोन आठवडे स्थिर असावं. नवा आणल्यावर १४ दिवस वेगळ्या खोलीत, कारण बाजारातून येणाऱ्या पिलांबरोबर खरूजही येते. मग दोघांनाही नव्या असलेल्या जागेत रोज दहा-पंधरा मिनिटं, तुमच्या देखरेखीखाली. नसबंदी झालेला नर आणि नसबंदी झालेली मादी ही जोडी सर्वांत सोपी. नर शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे पिलं देऊ शकतो, तेवढे दिवस वेगळे ठेवा. नसबंदी न केलेले दोन नर रक्त निघेपर्यंत भांडतात.

सात-आठ वर्षांचा, तुमच्या मागे मागे फिरणारा ससा असेल तर एकटा ठेवणंही रास्त, मात्र रोज दोन तास त्याच्याजवळ बसायची तयारी हवी. सोबतीला गिनीपिग नको: सशाच्या लाथेने तो जखमी होतो आणि सशाच्या श्वासातले जंतू त्याला आजारी पाडतात. शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू तर अजिबात नको. तो वेगळा प्राणी आहे, पाळीव सशाशी जोडी जमत नाही, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली त्याला घरी ठेवणं गुन्हा आहे.