वेदीवरच्या टाक्या : पिट्सबर्गचे ‘चर्च ब्रू वर्क्स’

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या लॉरेन्सव्हिल भागात, बंद पडलेल्या चर्चमध्ये थाटलेल्या ‘चर्च ब्रू वर्क्स’ या उपाहारगृहात जेवायला जाऊ, असे लेकीने सुचवले तेव्हा मी दोनदा नको म्हटले होते. आम्ही वसईकर कॅथलिक चर्चला देऊळच म्हणतो, आणि देवळात बसून बिअर प्यायची ही कल्पनाच मला सोसवत नव्हती. अखेर गेलो, दोन तास बसलो, आणि या उपाहारगृहाविषयी आदर घेऊन परतलो.

ही वास्तू म्हणजे १९०२ साली बांधून झालेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. पोलादाचे कारखाने बंद पडले, कामगारांची मुले उपनगरांत पांगली, आणि धर्मप्रांताने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चभोवतीचे भाविकसमाज, एकत्र केले, तेव्हा १९९३ साली इथली मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासनाही थांबली. १ ऑगस्ट १९९६ रोजी त्याच वास्तूत उपाहारगृह सुरू झाले आणि बिअरही तिथेच तयार होऊ लागली. बंद झालेले चर्च लौकिक वापरासाठी देता येते, मात्र तो वापर हीन नसावा, असा चर्चचा कायदा आहे, आणि इथल्या लाकडाची व विटांची निगा पाहिली की मालकांना त्या वास्तूची चाड आहे हे जाणवते.

मूळची २४ फुटी ओकची बाके कापून साडेचार फुटांची केली आहेत आणि जेवणाऱ्यांना त्यांवरच बसवतात. उरलेल्या फळ्यांतून बारचा कट्टा घडवला आहे. माझ्या बाकाची कड तळहातांनी झिजून अगदी गुळगुळीत झालेली होती. २४ फुटांवर आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे घर मावत असेल. साडेचार फुटांवर आम्ही दोघेच मावलो.

जेवण चांगले होते. पिएरोगी, म्हणजे बटाट्याचे सारण भरून पाण्यात उकडलेली पोलिश करंजी, इथल्या कामगारवस्त्यांचे जुने खाणे आहे. आमच्या ताटातल्या पिएरोगीची पारी पातळ होती आणि वरचा कांदा लोण्यात नीट परतलेला होता. ‘पायस मंक डंकेल’ ही गडद बिअर गोडसर आणि मऊ लागते.

मला खुपले ते एकच, आणि त्याचा चवीशी संबंध नाही. वेदीच्या जागी, निळ्या रंगाच्या अर्धगोल घुमटाखाली, बिअर बनवण्याच्या स्टीलच्या आणि तांब्याच्या टाक्या उभ्या आहेत. जिथे धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला उचलून धरत, तिथे त्या टाक्या पाहणे मला जमेना, म्हणून मी वेदीकडे पाठ करून बसलो. “पप्पा, हे लोक आले नसते तर आज इथे पार्किंग असते,” असे लेक म्हणाली, आणि तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. तरीही बाकांइतकीच काळजी वेदीच्या जागेचीही घेतली जावी, असे मला मनापासून वाटते.

जाणाऱ्यांनी शक्यतो दुपारी जावे, म्हणजे रंगीत काचांचा उजेड मिळतो. बाहेरच्या पाटीचे विटांचे खांबही जवळून पाहावेत. आतल्या पापनिवेदनाच्या कक्षाच्या जागी बार आला, आणि तिथून निघालेल्या विटा या खांबांत लावल्या आहेत. लेक गाडी आणेपर्यंत मी त्यांतल्या एका विटेवर हात ठेवून उभा होतो.